चावी, बालदी आणि लिस्बन

लिस्बनला पाऊल ठेवून दोन तास झाले नव्हते, तोच मला पोर्तुगीज भाषा समजू लागली. हे वाचून कुणी माझ्याविषयी आदरबिदर बाळगू नये. शाळेत संस्कृतमध्ये पस्तीस गुण मिळवताना ज्याच्या नाकी नऊ आले, असा मी मनुष्य आहे. पण झाले ते असे.

एप्रिल २०२४ मधली वीस तारीख. पाठीवर पडशा टाकून आम्ही दोघे ग्रासा नावाच्या टेकडीवरच्या एका जुन्या घराचे चार जिने चढून गेलो. लिफ्ट नव्हती. म्हणूनच खोली आम्हाला परवडत होती. दार उघडले ते सत्तरीच्या एका ठेंगण्या बाईंनी. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि आम्हाला पोर्तुगीज. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्."

मित्राने मला कोपराने ढोसले. "चावी म्हणते रे ती!"

मग न्हाणीघरात नेऊन, नळ गळतो हे खुणेने सांगून, त्याखालची बादली दाखवीत त्या म्हणाल्या, "बाल्द्." ही आमची बालदी. खिडकीला त्या 'झनेला' म्हणाल्या, तेव्हा मात्र मी गप्प बसलो. तो शब्द मित्राच्या वाट्याचा. गोव्यातल्या त्याच्या घरी खिडकीला जनेलच म्हणतात. पूर्वी पोर्तुगीज लोकही या 'शाव्'मध्ये 'च'च म्हणत असत. त्यांचा उच्चार पुढे बदलला, आणि त्यांनी आपल्याकडे टाकलेला जुना उच्चार आपण अजून कनवटीला बांधून आहोत.

या मित्राला मी पात्रांव म्हणतो. गोव्यात मालकाला, शेटजीला असे म्हणतात, आणि हा शब्दही तिथलाच. तो सासष्टीचा, ख्रिस्ती, दिसायला शांत आणि जेवायला भयंकर. हॉलंडमधल्या डेल्फ्टला आम्ही दोघे शिकतो. माझ्या फोडणीने वसतिगृहातली आगीची घंटा वाजली आणि सगळी इमारत रस्त्यावर येऊन उभी राहिली, त्या रात्री आमची ओळख झाली. बाकीचे माझ्याकडे रागाने बघत होते. हा पठ्ठ्या जवळ येऊन म्हणाला, "मोहरी जळली काय रे?"

परीक्षा संपल्यावर मी रोम म्हणत होतो, तो लिस्बन म्हणत होता. लिस्बनचे तिकीट स्वस्त आहे, हे कारण त्याने पुढे केले. खरे कारण मला तिसऱ्या दिवशी कळले.

पुण्याला आजोबांना फोन करून सांगितले, तेव्हा ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लिस्बन काय? बरं. बघून ये." आमच्या घरी पाऊस केव्हा येणार, हे वेधशाळेच्या आधी आजोबांचा डावा गुडघा सांगतो. १९५५ च्या पावसाळ्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गोव्याच्या सत्याग्रहात ते पत्रादेवीच्या बाजूने हद्द ओलांडून गेले होते. परत आले ते हा गुडघा घेऊन. त्या गुडघ्याच्या गोष्टी ऐकत मी लहानाचा मोठा झालो. तेव्हा लिस्बन हे नाव आमच्या घरात लंकेसारखे घेतले जाई, आणि तिथे कुणी सुटी घालवायला जाते ही कल्पनाच थोडी चमत्कारिक होती.

आता सांगायला हरकत नाही, लंका फार सुंदर आहे. सारे शहर टेकड्यांवर वसलेले. खाली तेजो नदीचे पात्र समुद्रासारखे पसरलेले. गल्ल्या इतक्या उभ्या की काही ठिकाणी पुढच्या घराचे छप्पर मागच्या घराच्या उंबऱ्याशी येते. घरांच्या दर्शनी भिंतींना निळ्या-पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या फरशा बसवलेल्या, आणि प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले कपडे. आल्फामा भागात फिरताना तर गिरगावातल्या एखाद्या वाडीत शिरल्यासारखे वाटले. वरच्या गॅलरीतली बाई खालच्या बाईशी बोलते, आणि मधल्या मजल्यावरची त्यात आपले मत घालते. पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडांच्या लहान लहान तुकड्यांचे. त्यावर लाटांची, वेलबुट्टीची नक्षी. दिसायला देखणे, पण चालून चालून त्यांना इतकी झिलई आली आहे, की पहिल्याच संध्याकाळी मी एका उतारावर सपशेल बैठक मारली. पात्रांवने हात दिला नाही. तो हसत होता.

आणि ट्राम! मुंबईची शेवटची ट्राम १९६४ साली धावली. तिच्याबद्दल वडीलधाऱ्यांकडून ऐकून मला नेहमी हळहळ वाटे. इथे १९३० च्या दशकात बांधलेले पिवळे, लाकडी बाकांचे डबे अजून कुरकुरत टेकड्या चढतात. अठ्ठावीस नंबरची ट्राम तर इतक्या अरुंद बोळांतून जाते, की खिडकीतून हात बाहेर काढला तर कुणाच्या तरी घरची कुंडी हाताला लागावी. ट्राममध्ये खिसेकापूंपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत. त्या वाचून प्रत्येक प्रवासी आपला पैशाचा खिसा चाचपतो, आणि खिसेकापूंची निम्मी मेहनत वाचते, असे आपले माझे मत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पात्रांव सकाळी मिसेला गेला, दुपारी आम्ही बेलेंला गेलो. वास्को द गामाचे गलबत १४९७ साली निघाले ते याच किनाऱ्यावरून. पुढे मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून राजा मानुएलने इथे जेरोनिमुशचा मठ बांधला. दगड इतका बारीक कोरलेला की जवळ जाऊन हात लावून पाहावासा वाटतो. खांबांना दोरखंडांचे पीळ, समुद्रातली पाने, शिंपले. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. वास्को वारला १५२४ साली कोचीनला. त्याच्या अस्थी फिरत फिरत या मठात आल्या त्या १८८० मध्ये. पात्रांवने वेदीकडे पाहून छातीवर क्रूस केला. मी खिशात हात घालून उभा राहिलो. हात जोडावेत असे वाटेना, आणि नुसते उभे राहणेही बरे दिसेना. आमच्या मिरीचे आणि दालचिनीचे हे दगड झालेले. पाहावे तरी कसे? शेवटी मी खांबांवरचे शिंपले मोजत बसलो.

बाहेर नदीकाठी जमिनीवर संगमरवराचा जगाचा प्रचंड नकाशा आहे. त्यावर पोर्तुगीज गलबते कुठे कोणत्या साली पोहोचली ते लिहिलेले. लहान मुले आफ्रिकेवरून उड्या मारीत ब्राझीलला जात होती. आम्ही मोठ्या गंभीरपणे जाऊन आपल्या किनाऱ्यावर उभे राहिलो. तिथून जवळच एका उंच खांबावर, १५१० मध्ये गोवा जिंकणारा आफोंसु द आल्बुकर्क उभा आहे. आपल्या हापूसला नाव पडले ते याच्यावरून, असे म्हणतात. पुतळ्याकडे बघून पात्रांव म्हणाला, "आंबा चांगला आहे. बाकीचं राहू दे."

मग आम्ही ते प्रसिद्ध केक खाल्ले. वाटीएवढी खुसखुशीत पारी, आत अंड्याच्या बलकाचा गोड लगदा, वर डाग पडेतो भाजलेला, आणि त्यावर दालचिनीची पूड. १८३४ मध्ये मठ बंद झाले, तेव्हा ही कृती मठातून बाहेर आली, आणि १८३७ पासून तिथले एक दुकान हे केक विकत आहे. मी दोन खाल्ले. पात्रांवने सहा खाल्ले, आणि सातव्याच्या वेळी हिशेब युरोचा आहे याची मी त्याला आठवण दिली. त्या वेळी परदेशात आलेला मराठी मनुष्य प्रत्येक घासाला नव्वदाने गुणत असे. या एका कारणाने आम्ही फादोचे गाणे ऐकायला गेलोच नाही.

सोमवारी खालच्या भागात भटकलो. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, माणसे चर्चमध्ये असताना इथे भयंकर भूकंप झाला. मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि उरलेसुरले आगीत गेले. नंतर मार्केस द पोंबालने हा भाग आखून नवा बांधला. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाड्याचे पिंजरे घातले, पुन्हा धरणी हलली तर घर डुलावे पण पडू नये म्हणून. आम्ही दोघेही स्थापत्याचे विद्यार्थी, तेव्हा त्या पिंजऱ्यावर पाऊण तास वाद घातला. कार्मोच्या मठाचे छप्पर त्या दिवशी कोसळले. ते पुन्हा घातलेच नाही. नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत.

रात्री एका खाणावळीत बसलो. मागितले नसताना वाढप्याने पाव, लोणी आणि ऑलिव्ह आणून ठेवले. पाहुणचार समजून आम्ही त्यांचा फडशा पाडला. मग बाकल्याव आला. खारवून वाळवलेला हा मासा दूर नॉर्वेकडच्या समुद्रातला, पण हे लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. बिल आले तेव्हा त्यात पावाचे, लोण्याचे आणि ऑलिव्हचे पैसे वेगवेगळे लावलेले! नको असेल तर हात न लावता परत पाठवायचे असते, हे आम्हाला कोण सांगणार? 'पगार' म्हणजे तिथे पैसे देणे. आपण पगार घेतो, इथे तो द्यावा लागला, असा विनोद मी केला. पात्रांव हसला नाही. तो म्हणाला, "उद्या सकाळी मला एका कचेरीत जायचं आहे. एकट्याला."

मग सगळे बाहेर आले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जे गोव्यात जन्मले त्यांना, आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना, आम्ही गेलो तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येत होता. त्याच्या आजोबांचे, म्हणजे शापायचे, जन्माचे कागद त्याने पिशवीत आणले होते. पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला की साऱ्या युरोपात नोकरी करायला मोकळीक. आपल्या कायद्यात दोन देशांचे नागरिक होता येत नाही, तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करायचा.

"म्हणजे तू पोर्तुगीज होणार?" माझा आवाज चढला होता.

"होणार काय? माझा शापाय होताच. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मडगावच्या पोस्टात कारकून होता. एके दिवशी सकाळी गेला तर टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त शिक्का बदललेला. तेव्हाही कुणी विचारलं नाही."

"आणि माझ्या आजोबांनी गुडघा कशाला फोडून घेतला?"

"तो गुडघा तू वर्षभर माझ्यापुढे ठेवतो आहेस रे," तो हळूच म्हणाला. "माझ्या घराचं कर्ज आहे. बहीण नर्सिंग शिकते. इथला व्हिसा संपला की मी काय करायचं? गुडघ्याला विचारू?"

मी उत्तर दिले नाही. चार जिने आम्ही न बोलता चढलो. चावी माझ्याकडे होती. मी ती कुलपात दोनदा उलटी घातली.

मंगळवारी तो कचेरीत गेला आणि मी अल्जूबला. मोठ्या चर्चच्या शेजारी हा जुना तुरुंग आहे. सालाझारच्या राजवटीत गुप्त पोलीस राजकीय कैद्यांना इथे ठेवीत. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. एकांतवासाच्या कोठड्या पाहिल्या. आपल्याकडच्या देवघरापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यात पोर्तुगीज माणसेच कोंडलेली होती: छापखानेवाले, कामगार, विद्यार्थी. हे माझ्या आजोबांच्या गोष्टीत कधी आले नव्हते. आमच्या गोष्टीत पोर्तुगीज म्हणजे लाठी मारणारा. लाठी खाणारा पोर्तुगीज मी पहिल्यांदा पाहत होतो.

तिथून मी आगगाडीने काशियाशला गेलो. लिस्बनपासून नदीकाठाने कश्काइशला जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे लहानसे स्टेशन. मोहन रानड्यांना ठेवले होते ते इथल्या तुरुंगात. सांगलीचा हा माणूस गोव्यात शिक्षक म्हणून गेला, मुक्तिलढ्यात पडला आणि १९५५ मध्ये जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली, हे आजोबांकडून मी अनेकदा ऐकले आहे. स्टेशनबाहेर वाळूच्या काठाला एक छोटा किल्ला दिसला. मी त्याच्यासमोर गंभीर चेहऱ्याने उभा राहिलो, फोटो काढला, डोळेही थोडे ओले झाले. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला 'प्रिझन?' म्हणून विचारले. त्याने हसून मान हलवली आणि पार मागे, टेकडीकडे बोट केले. तुरुंग तिकडे वर. मी भलत्याच किल्ल्यापुढे हळवा झालो होतो! टेकडीकडे पाहिले तर झाडे आणि घरे तेवढी दिसली. खाली स्वच्छ ऊन, पाण्यात पोरे, आणि वर कुठेतरी एका सांगलीकराची ती वर्षे. कुणाशी तरी बोलावेसे वाटले. बोलण्यासारखा माणूस एकच होता, आणि तो कचेरीत रांगेत उभा होता.

संध्याकाळी तो ग्रासाच्या कठड्यावर शहराकडे बघत बसलेला सापडला. शेजारी कागदांची पिशवी.

"काय झालं?"

"बाप्तिस्म्याच्या दाखल्यात शापायचं नाव एका तऱ्हेनं, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या, पोस्टाच्या कागदात तिसऱ्या. खिडकीतली बाई म्हणाली, हे तीन वेगळे लोक आहेत. आधी एक करून आणा."

"मग?"

"मग काय, तीन शापाय घेऊन परत आलो." जरा वेळाने तो म्हणाला, "बाईनं विचारलं, तुम्हाला पोर्तुगीज येतं का? मी म्हटलं, चावी, बालदी, बटाटा."

मी हसलो. मग भलत्या किल्ल्याची गोष्ट सांगितली. तो इतका हसला, की बाकावरचे जोडपे उठून गेले. रानड्यांचे नाव त्याने ऐकले होते, पण ते पुढे सात वर्षे आत होते हे त्याला ठाऊक नव्हते. शापायने पासपोर्टासाठी स्वतः कधी अर्ज का केला नाही, हे मी विचारले. "कागद बिस्किटाच्या डब्यात होते," तो म्हणाला. "टाकून दिले नाहीत, आणि वापरलेही नाहीत." बाकीचे भांडण तसेच राहिले. आम्ही ते मिटवले नाही.

गुरुवारी पंचवीस एप्रिल. १९७४ साली याच तारखेला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथली, आणि लोकांनी शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची लाल फुले खोवली. त्याला पन्नास वर्षे होत होती. लिबर्दाद मार्गावर एवढी गर्दी, की पुण्यातली विसर्जनाची मिरवणूक आठवावी. आजीबाई, कडेवरची पोरे, कॉलेजातल्या मुली, ज्याच्या त्याच्या हातात लाल फूल. आमच्या घरमालकीणबाईंनी निघताना आम्हा दोघांच्या खिशाला एकेक फूल स्वतः लावले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. का, ते विचारायला आमच्याकडे शब्द नव्हते. या उठावानंतरच, १९७४ च्या शेवटच्या दिवशी झालेल्या कराराने, पोर्तुगालने गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली.

मला राहवेना. मी आजोबांना व्हिडिओ फोन लावला. पुण्यात साडेआठ वाजले होते, ते जेवायला बसले होते. मी गर्दी दाखवली.

"हे कशाचं रे?"

"सालाझारनं उभारलेली राजवट गेली, त्याला पन्नास वर्षं झाली."

ते मनातल्या मनात हिशेब करू लागले. "चौऱ्याहत्तर. म्हणजे गोवा आधी सुटला आणि हे लोक मागाहून सुटले. बरं झालं. आणि तो तुझा गोव्याचा मित्र कुठं आहे? दे त्याला."

माझ्या पोटात गोळा आला. आईकडून त्यांना पासपोर्टाची बातमी कळली होती, कारण भांडणाच्या रात्री मी आईजवळ बोललो होतो. पात्रांवने फोन घेतला. "नमस्कार, आजोबा."

"कोणत्या गावचा तू?"

त्याने सांगितले.

"म्हापशाच्या ठाण्यात आम्हाला दोन दिवस उपाशी ठेवलं होतं. रात्री एक शिपाई आला. तुमच्यातलाच, गळ्यात क्रूस. गजांतून पाव दिला आणि म्हणाला, खा पोरा, पण माझा चेहरा बघू नकोस. मी बघितला नाही. अजून वाटतं, बघायला हवा होता. तुझे आजोबा पोलिसात नव्हते ना?"

"नाही, आजोबा. पोस्टात."

"अस्सं. आणि ते कागदाचं काय करतो आहेस?"

गर्दीत एकदम घोषणा झाली, काही ऐकू येईना. पात्रांवने फोन कानाशी दाबून धरला. "अजून काही ठरवलं नाही," तो ओरडून म्हणाला.

"ठरव. सावकाश ठरव. आम्ही तेव्हा कागदाशिवायच गेलो होतो," आजोबा म्हणाले. "आणि त्याला सांग, उन्हात फिरू नका."

शुक्रवारी सकाळी आम्ही पडशा भरल्या. पात्रांवने वसतिगृहातल्या मंडळींसाठी डझनभर केक घेतले होते. त्याने आधी शापायचे कागद पडशीत घातले, वर केकचा खोका ठेवला. मग काय वाटले कोण जाणे, सगळे पुन्हा बाहेर काढून खोका तळाशी सपाट बसवला आणि कागद वरच्या कप्प्यात माझ्या फुलाशेजारी ठेवले. ते फूल सुकून चपटे झाले होते. जिना उतरायच्या आधी मी घरमालकीणबाईंच्या हातावर किल्ली ठेवली.

"चावी," पात्रांव म्हणाला.

"शाव्," त्यांनी त्याची चूक दुरुस्त केली.